पासावरचं तोंड

३ मार्च १९८६

पावडरचा डबा पुन्हा रिकामा! खदानीतल्या बायकांचे गेटपासाचे फोटो काढतोय. दिवसभर मँगनीजचे दगड फोडणाऱ्या या बायका — पण स्टुडिओत येतात त्या न्हाऊनमाखून, लग्नातलं लुगडं नेसून. पासावर दिसणार काय, तर बोटभर तोंड! तरी आरशासमोरून एक हलेल तर शपथ. कमलाने तर दोनदा पावडर थापली. मीही निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून तिच्या गालांवरचे खड्डे बुजवले. फोटो झकास आला. आपल्या हाताला तोड नाही!

११ मार्च

कमलाला फाटकावरून हाकललं! पहारेकरी घनश्याम पास बघून म्हणतो, "ये तू नहीं है।" इतकी वर्षं हिच्याकडून तंबाखू मागून खाल्ली, तेव्हा बरी ओळखत होता! नव्या साहेबाचा हुकूम म्हणे — फोटोशी तोंड जुळलं नाही तर येता-जाता अडवा. आणखी पाच जणी परत आल्या. हजरी बुडाली. असंच चाललं तर कामच जायचं.

१२ मार्च

साहेबाकडे गेलो. बसासुद्धा म्हणाला नाही! "फोटो गलत हैं। काम पर जैसी दिखती हैं, वैसी खींचो।" आणि तेही फुकट! माझे फोटो गलत? आजवर एका गिऱ्हाइकाने असं म्हटलं नाही. डोकं नुसतं तापलंय.

तरी कॅमेरा घेऊन फाटकावर गेलो. सहाही जणी झाडाखाली बसलेल्या. म्हटलं, तोंडाला थोडी धूळ फासा, पटकन उरकू. कमला उसळलीच — "काहून? धूळ खदानीची, तोंड माह्यं! हा फोटो लेकराइले दाखवला मी. त्याइले म्हनू का, तुमची माय दुसरी हाय?"

मीही चिडलो. "अगं बाई, पोट मोठं का पावडर?"

"दोन्ही!"

घ्या! हिच्यासाठी मी साहेबाची बोलणी खाल्ली. आता बसा म्हणावं झाडाखाली.

१३ मार्च

सहाही जणी दुकानात — पावडर मागायला! डबाच देऊन टाकला. काय खूळ डोक्यात शिरलंय देव जाणे.

१४ मार्च, सकाळ

फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर मुद्दाम जाऊन बसलो. सहाही जणी आल्या. तीच लुगडी, तीच टिकली, तोंडं पांढरीफेक — हुबेहूब माझे फोटो! घनश्यामने पास पाहिले, तोंडं पाहिली. सगळं जुळलं! आत सोडल्या. दगड फोडायला, लग्नातल्या लुगड्यांत. हसावं का रडावं कळेना.

संध्याकाळ

खदान सुटली. मँगनीजच्या धुळीने लुगडी काळी, तोंडं काळी. साहेब स्वतः फाटकात उभा. घनश्यामने कमलाचा पास हातात घेतला, साहेबाकडे पाहिलं, म्हणाला, "ये तू नहीं है।"

कमला म्हणाली, "सकाळी हेच पासावरचं तोंड घेऊन अंदर गेलती मी. अंदर त्याचं काय झालं, ते साहेबाले इचार!"