‘कोठे शे’ला उत्तर देऊ देणेबाबत

प्रति,
मा. परिक्षेत्र वन अधिकारी,
चारमळी अभयारण्य, जि. जळगाव

विषय : पाणवठ्यावरचा कर्णा सकाळी बंद ठेवणे व अर्जदारास पाखराला उत्तर देऊ देणेबाबत.
संदर्भ : कर्ण्याबद्दलचा मार्चमधील अर्ज. उत्तर आलेले नाही.

महोदय,

अर्जदार शालिग्राम पितांबर नेहेते, राहणार वरणगाव, वय एकसष्ट, याचे म्हणणे ऐसे की,

१) अर्जदार जंगलात वाघ पाहायला येत नाही. वाघ नाही हे आपणांसही ठाऊक आहे. तो पावशासाठी येतो. आपल्या पाटीवर लिहिले आहे की हा पक्षी ‘पेरते व्हा’ म्हणतो. पाटी लिहिणारा धुळ्याकडचा नसावा. अर्जदाराची पत्नी ताईबाई साक्रीकडची. तिच्या कानाला ते पाखरू ‘कोठे शे?’ असे विचारी, आणि ती पाणवठ्याच्या दगडावर बसून मोठ्याने सांगे, ‘आठे शे.’ म्हणजे इथे आहे. अर्जदार हसला तर त्याला गप्प बसवून म्हणे, ‘तुम्ही उगामुगा बठा, ते माले इचारी ऱ्हायनं.’ अर्जदार जळगावच्या पूर्वेकडचा, त्याची बोली वेगळी, त्याला हा वेडेपणा वाटे. पुढे त्यालाही तेच ऐकू येऊ लागले. आता दुसरे ऐकू येत नाही.

२) ताईबाई गेल्या माघात वारली. घरात ‘कुठे आहात’ म्हणून विचारणारे कोणी उरले नाही. म्हणून अर्जदार एस.टी.ने आणि पुढे पायी येऊन त्याच दगडावर बसतो. इतक्यात आपला कर्णा सुरू होतो : ‘पर्यटकांनी शांतता राखावी. निसर्गाचे आवाज ऐकावेत.’ मग पावशाची टेप, मग पुन्हा शांतता राखावी. खरे पाखरू दोनदा ओरडून गप्प होते. बॅटरी उतरली की टेपमधला पावशा रेड्यासारखा रेकतो, तरी जळगावची मंडळी ‘ऐकला बरं का’ म्हणत जेवणाचे डबे उघडतात. त्यांचा दोष नाही. खरे-खोटे कळायला तुम्ही त्यांना फटच ठेवली नाही.

३) गेल्या रविवारी कर्णा बिघडला. पाखराने विचारले. अर्जदाराने उभे राहून सांगितले, ‘आठे शे.’ त्यावर वनरक्षक भटू यांनी शांतताभंगाबद्दल अर्जदारास दंडाला धरून फाटकाबाहेर काढले व म्हटले, ‘आबा, बोलायची एवढी हौस असंल तर घरी पोपट पाळा.’ लोक हसले. पोपट पढवलेले बोलतो, साहेब. तो अर्जदाराला शोधत नाही. कर्ण्याने दिवसभर ओरडावे ती शांतता आणि माणसाने दोन शब्द बोलावे तो भंग, हे कोणत्या कायद्यात बसते ते लेखी कळवावे.

४) सबब, रविवारी ऊन झाडांवर येईतो कर्णा बंद असावा व अर्जदारास आत सोडावे. तो हळू बोलेल. तेही नियमात बसत नसेल तर भटूंनाच उत्तर देण्याचा हुकूम व्हावा. ते शिंदखेड्याचे, म्हणजे धुळ्याकडचेच आहेत, त्यांना शिकवावे लागणार नाही. कोणीतरी सांगितले पाहिजे. विचारत राहायचे आणि पलीकडून काहीच यायचे नाही, हे कसे असते ते मार्चपासून अर्जदाराला आपल्या कचेरीने चांगलेच दाखवले आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
(सही) शालिग्राम पितांबर नेहेते
वरणगाव, दि. २ जून १९९२

सोबत : कोणी नाही.