मालिकेतला मेंढका

येरवडा कारागृह, पुणे
१२ जानेवारी २०२५

ती. विजयमाला अक्कास मल्हारचा शि. सा. न. वि. वि.

नातेपुत्याचा शिवयोगी नावाचा पोरगा आमच्या बराकीत नवा आलाय. तो म्हणला, मोबाईलवर ‘काळं कुसळ’ म्हणून मालिका आलीय, आपल्या मंगळवेढ्याकडची. माण नदीतली वाळू, वाळूवाला भाऊसाहेब, आन् तो एका मेंढक्याला मारतो. तो मेंढका म्हणं पोलिसांचा खबऱ्या असतो.

अक्का, माझं डोकंच फिरलं. वाळूच्या गाड्या अडवल्या म्हणून उदयसिंहानं आपल्या मेंढक्या बापाला, अण्णाला मारलं. पोलिसांनी अज्ञात चोर लिवून फाईल मिटवली. मी कुऱ्हाड घेऊन गेलो तर मलाच सजा. आन् आता अण्णा खबऱ्या, तो हिरो? दिवाळीला सुटतोय मी. ह्या टायमाला घाव खांद्यावर बसणार न्हाय.

आधी तू सगळी मालिका बघ आन् खरं काय ते कळीव. आईला मात्र बोलू नगं. तुझी माया हाय म्हणून हितं दिवस निघतात, ती आटू देऊ नगं.

तुझा धाकटा,
मल्हार

*

सोलापूर
२ फेब्रुवारी २०२५

चि. मल्हार यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र एसटी डेपोच्या पत्त्यावर मिळालं. आपली पत्रं तुरुंगातले साहेब वाचतात, हे विसरलास की काय? दिवाळीच्या फुशारक्या कागदावर मारू नकोस. तसाही तुझा नेम गोट्या खेळायच्या वयापासून चुकतो.

रजा टाकून सगळे भाग बघितले. खरं सांगते, मालिका चांगली आहे, म्हणून तर जास्त चीड आली. माणसं आपल्यासारखीच बोलतात. साक्षीदार फुटतो तो भाग बघून मी उठून पाणी प्याले. त्याला कुणी धमकावत नाही, नुसता त्याच्या लेकीच्या लग्नाला मांडव घालून देतात. आपला धुळाप्पा असाच फुटला होता.

पण भाऊसाहेब नुसता चालला तरी हलगी कडाडते, आणि मेंढक्याला साधं नावसुद्धा नाही. त्याची बायको प्रत्येक भागात रडते. आपली आई रडताना कुणी बघितली? अण्णांना माती देऊन आली आणि मेंढरांना पाणी पाजायला गेली. शेवटी तर गोळ्याच गोळ्या. मंगळवेढ्यात एवढी पिस्तुलं मिळाली असती तर तुला कुऱ्हाड कशाला लागली असती?

एक प्रसंग मात्र मी थांबवून पुन्हा पुन्हा बघितला. मेंढक्याला मारल्यावर भाऊसाहेब त्याच्या दंडातलं चांदीचं कडं काढून वीटभट्टीमागच्या पडक्या विहिरीत टाकतो. कड्यावर तीन पायांचा घोडा. अण्णांचं कडं गेलं, एवढंच आपण पोलिसांना सांगितलं होतं. सोनार घोड्याचा चौथा पाय कोरायचाच विसरला, हे आपल्या घराबाहेर कुणाला ठाऊक? ज्यानं ते हातात घेतलं त्यालाच.

तू गप बस. आता मी बघते. आईच्या वाटचीही काळजी मीच करते, तेव्हा थोडी आठवण माझीही ठेव.

तुझी,
अक्का

*

सोलापूर
३० मार्च २०२५

चि. मल्हार यास अनेक आशीर्वाद.

सावकाश बस आणि मग वाच.

मालिकेचा लेखक गुरुराज याचा इथे सत्कार होता. अध्यक्ष कोण, तर उदयसिंह! मालिका स्वतःवरच आहे, असं तो लग्नाकार्यात सांगत फिरत होता. मी ड्यूटी उतरून कंडक्टरच्या खाकी गणवेशातच गेले. प्रश्न विचारायला माईक फिरला तेव्हा आधी मनापासून स्तुती केली. मग विचारलं, तो तीन पायांचा घोडा तुम्हाला सुचला तरी कसा?

गुरुराज खुलला. म्हणाला, हे मला कसलं सुचतंय, सगळं आपल्या अध्यक्षांनी, ह्या खऱ्या भाऊसाहेबांनी सांगितलं, विहीरसुद्धा त्यांनीच नेऊन दाखवली. टाळ्या पडल्या. कितीतरी मोबाईल चालू होते. उदयसिंह हसत होता. मी म्हणाले, मी येडू मेंढक्याची लेक, ते कडं माझ्या बापाचं. तेव्हा तो हसायचा थांबला.

नव्या पोलीस अधिकारी बाईंनी ती चित्रफीत बघून विहीर उपसली. गाळात कडं सापडलं. गुरुराज घाबरला, पण त्यानं जबाब दिला. उदयसिंहाचा जुना ड्रायव्हर रामहरी, त्यानंही तोंड उघडलं. आईला ओळख पटवायला बोलावलं होतं. तिनं कडं पुसलं, बघितलं, आणि बाईंना म्हणाली, हे वर काढलासा, आता टाकणाऱ्याला खाली सोडा.

उदयसिंहाला बेड्या घातल्या तेव्हा मी समोर उभी होते. बरं वाटलं, मल्हार. लई बरं वाटलं. देवाला आवडो न आवडो.

आता तू हात राखून राहा. आईला तू घरी हवा आहेस, एवढं ध्यानात असू दे.

तुझी,
अक्का

*

येरवडा कारागृह, पुणे
१८ मे २०२५

ती. अक्कास शि. सा. न.

सोलापुरात त्याची माणसं लई म्हणून उदयसिंहाला हिकडं आणलंय. आल्या आल्या छातीत दुखतंय म्हणून जेलच्या दवाखान्यात झोपला. आन् दवाखान्यात जेवण वाढायची ड्यूटी कुणाची? माझी.

पोरं आधी त्याला मालिकेतले डायलॉग म्हणायला लावत होती. मी त्यांना अण्णा कोण होता ते सांगितलं. ह्याच रामहरीला पुराच्या पाण्यातनं अण्णानंच वढून काढलं होतं, हे बी सांगितलं. आता डायलॉग बंद. त्याच्या शेजारच्या खाटेवर कुणी बसत न्हाय.

साहेबांनी विचारलं, ड्यूटी बदलू का. मी म्हणलो, नगं, जे वाढतो ते त्याच्या म्होरं आधी मी खातो. साहेब म्हणले, पळी तुझी, नजर आमची. ठरलं.

अक्का, पैल्या दिवशी हात शिवशिवला, खोटं कशाला बोलू. आता मी कायबी करत न्हाय. आमटीचं भांडं घेऊन त्याच्या म्होरं उभा राहतो आन् लई मायेनं विचारतो, भाऊसाहेब, वाढू का? तो माझ्या हाताकडं बघतो आन् ताट मागं घेतो. लई वाळलाय.

दोन्ही टायमाला विचारतो. आईला सांग.

तुझा,
मल्हार येडू