सहा तासांत निम्मं

आई, सात डिसेंबर, मंगळवार, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मी तुझ्या उजव्या हाताच्या शिरेत सुई घातली. ही वेळ मी तेव्हाच लिहून ठेवली होती, म्हणून सांगू शकते. आमच्या कामात औषध टोचल्याचं मिनिट लिहावंच लागतं, कारण त्या मिनिटापासून ते औषध विझायला लागतं. चूक घडली ती मात्र त्याच दिवशी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, आणि तिची नोंद कुठल्याच वहीत नाही. ती मी आज करते आहे. चूक तुझी की माझी, ते लिहिता लिहिता ठरेल. सध्या तरी मी तुझ्यावर चिडलेली आहे. तू जाऊन पंचवीस वर्षं झाली म्हणून मी आवाज खाली आणणार नाही.

गेल्या गुरुवारी पेडगावला गेले होते. भावाची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. तू गेलीस तेव्हा नुकती रांगायला लागलेली, तीच. तिला मुलगी झाली. खोलीत शेगडी, ओव्याचा धूर, बाळ माझ्या मांडीवर. मी आपली त्याची बोटं मोजत बसले होते, आणि भाची एकदम म्हणाली, "आत्या, एक खरं सांगशील? आजीनं मला एकदा पण घेतलं न्हाई म्हणं. पोरगी झाले म्हणूनच ना?"

मी म्हटलं, "काहीतरी बडबडू नकोस. माझी आई तसली नव्हती."

त्यावर वहिनी लाडू वळता वळता थांबली. "वन्सं, गेल्या माणसाबद्दल बोलू नाही, पण हैदराबादहून आल्यापासून सासूबाईंनी हिला हात लावला न्हाई. सात महिने. मी मांडीवर द्यायला गेले की 'लांब ने, लांब ने' करायच्या. ओसरीच्या कोपऱ्यात अंथरूण, ताट वेगळं, तांब्या वेगळा. ही रांगत निघाली की काठी आडवी धरायच्या. गावातल्या बाया तोंडावर म्हणायच्या मला, नातू असता तर म्हातारीनं खाली ठेवला नसता."

"आणि तुम्ही विचारलं नाहीत?"

"इचारलं की! म्हणायच्या, लेकीनं सांगितलंय, तिचं इलमच ते हाय, शिकलीय ती. आमाला वाटलं, निमित्त करायल्यात."

बाळ मी वहिनीच्या हातात दिलं. एसटीची वेळ झाली असं सांगितलं, झाली नव्हती. भाची मागून म्हणाली, "सोमवारी हिला डोस द्यायला परभणीला आणायचंय, तुझ्याकडंच उतरू. तवा सांग मग."

म्हणजे सोमवारी मला उत्तर द्यायचं आहे, आणि ते तुझ्याकडे आहे.

मुलगी म्हणून! जिनं मला नवव्या वर्षी सिस्टरांच्या शाळेत, वसतिगृहात नेऊन सोडलं आणि पोर पाद्र्यांच्या हवाली केली म्हणणाऱ्या चुलत्याला, "निदान वेळेवर उठायला तरी शिकवतील, तुमच्या घरात कोन उठायलंय?" असं भर अंगणात सुनावलं, तिच्याबद्दल गावानं पंचवीस वर्षं हे बोलावं? आणि तू बोलू दिलंस. ओसरीवर बसून ऐकत राहिलीस.

तो मंगळवार मला लख्ख दिसतो. तू हैदराबादला माझ्या हॉस्पिटलात आली आहेस, भाऊ सोबत आहे. छातीची गाठ काढून वर्ष झालेलं आणि आता पाठ दुखते आहे. डॉक्टरांनी हाडांचा स्कॅन सांगितला आहे. मी तुला आमची खोली दाखवते. शिशाचं भांडं, शिशाच्या काचेचा आडोसा. तुला सांगते की रोज सकाळी या डब्यातून ताजं किरणोत्सारी औषध काढावं लागतं, आणि आम्ही त्याला धार काढणं म्हणतो. तू पदर तोंडाला लावून हसतेस. "येवढं शिकून शेवटी धारच काढायलीस व्हय? मंग आपली म्हस काय वाईट होती?" माझ्याबरोबरचा हैदराबादी तंत्रज्ञ हसतो आणि म्हणतो, "अम्मा, ये भैंस लात नहीं मारती." तू त्याला उलट विचारतेस, "मंग तुमी आडोशाला का उभं ऱ्हायलाव?" त्या विभागात इतका नेमका प्रश्न कुणी पेशंटनं विचारला नव्हता.

सुई दिल्यावर तीन तास थांबायचं, पाणी प्यायचं, लघवीला जाऊन यायचं. मग तू यंत्राखाली आडवी झालीस आणि मी पडद्यासमोर बसले. हाड जिथे बिघडलेलं असतं तिथे ते औषध जास्त जमतं आणि चित्रात ठळक उमटतं. पाठीच्या कण्यापासून सुरुवात झाली. मी ठळक डाग मोजत गेले आणि सातनंतर मोजायचं सोडलं. रिपोर्ट डॉक्टर लिहितात, आम्ही काही सांगायचं नसतं, तसा नियमच आहे. पण इतकी वर्षं चित्रं बघितल्यावर नियमानं डोळे मिटत नाहीत.

दोन वाजून दहा मिनिटांनी तू उठून बसलीस. चोळीची बटणं लावता लावता विचारलंस, "काय दिसलं गं?"

मी म्हणाले, "घरी गेल्यावर लेकरांना जवळ घेऊ नकोस."

बस्स, इतकंच. प्रत्येक पेशंटला मी हे वाक्य पूर्ण म्हणत असे: आजच्या दिवस अंगातून किरणं निघतात, लहान मुलांना मांडीवर घेऊ नका, उद्या सकाळपासून खुशाल घ्या. तेलुगूत, उर्दूत, मराठीत, दिवसाला दहा-दहा वेळा. तुला सांगताना 'आजच्या दिवस' राहिलं, 'उद्या सकाळपासून' राहिलं. तू विचारलेल्या गोष्टीचं उत्तर द्यायचं नव्हतं म्हणून हाताशी होतं ते वाक्य मी पुढे केलं, आणि तेही अर्धं. तू माझ्याकडे थोडा वेळ बघितलंस आणि म्हणालीस, "बरं."

आता माझा संताप ऐक. तू आयुष्यात कुणाचं ऐकलंस? मीठ कमी कर म्हटलं की लोणचं काढायचीस. मिसरी सोड म्हटलं तर डबी उशाखाली लपवायचीस. गोळ्या देवाच्या फोटोमागे सापडायच्या. मग नेमकी हीच गोष्ट ऐकायची बुद्धी तुला कुठून झाली? तेही अशी बाजूला बसून, जशा तरुणपणी त्या चार दिवसांत बायका कोपऱ्यात बसायच्या? त्यालासुद्धा पाचव्या दिवशी न्हाणं होतं, आई. तू सात महिने बसलीस. एकदा विचारायचं होतंस, बाई गं, हे किती दिवस?

हे वाक्य मी परवा रात्रभर मनात घोळवलं. चांगलं धारदार झालं होतं. पण पहाटे आठवलं की तू विचारलं होतंस.

दर रविवारी मी गावातल्या किराणा दुकानात फोन करायचे आणि तुला बोलावून घ्यायचे. जानेवारीतला रविवार असेल. ज्वारी, भावाचा खोकला, सगळं झाल्यावर तू म्हणालीस, "ते तुझं औषध अंगातून कवा जातं गं?" माझ्याकडे त्या वर्षी शिकाऊ मुलींचा वर्ग होता, आणि सिस्टरांनी लहानपणापासून घोटून घेतलेलं की उत्तर अचूक द्यायचं, अघळपघळ नाही. मी तुला अचूक उत्तर दिलं. "सहा तासांत निम्मं होतं, पुढच्या सहा तासांत त्याच्या निम्मं, असं निम्मं निम्मं होत जातं. तसं पाहिलं तर पूर्ण शून्य कधीच होत नाही." वर्गात हे वाक्य सांगितलं की मुली माना डोलवायच्या. तू पलीकडून म्हणालीस, "म्हंजे ऱ्हातंच." मी म्हणाले, "हिशेबानं राहतंच." आणि दुकानदारानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तुझ्या अंगात ते नावापुरतंच उरलेलं होतं, आई. तू त्या पोरीला उराशी धरून झोपली असतीस तरी तिला काहीही झालं नसतं. हे मी हजारो अनोळखी बायकांना नीट सांगितलं. त्यांच्या लेकरांना आया दुसऱ्या दिवशी परत मिळाल्या.

तेव्हा चूक कुणाची हे ठरलं. तरी माझं चिडणं संपलेलं नाही, कारण एक शंका आहे. तू म्हशीच्या डोळ्यावरून तिचं दुखणं ओळखायचीस. दोन वाजून दहा मिनिटांनी तू माझ्या तोंडाकडे बघितलंस. मला काय दिसलं हे तुला तेव्हाच कळलं असेल, तर मग पुढचे सात महिने तू औषधाला भीत नव्हतीस. जायचंच आहे तर पोरीला लळा लावायला नको, असं तू ठरवलं असशील. वासरू आईपासून तोडताना तू असंच करायचीस, आधी चार दिवस गोठ्यात जायचंच बंद. 'लेकीनं सांगितलंय' हे तू सुनेला द्यायचं कारण म्हणून वापरलंस आणि मला फोनवर सहज विचारून घेतलंस, इतकंच.

हे पत्र टपालात पडणार नाही, हे मला कळतं. मी निवृत्त झाले आहे, वेडी झालेली नाही. तरीही सोमवारी सकाळी दहाच्या आत मला तुझं उत्तर हवं आहे, आणि लेखी हवं आहे, कारण तोंडी सांगितलेल्याचं काय होतं ते आपण पाहिलं. तू दूर बसलीस ती माझ्या वाक्यामुळे, की तुझ्या मनानं, एवढंच लिही. अंगठा उमटवून चालेल.

आणि 'माझ्या मनानं' असंच लिही. खरं नसलं तरी चालेल, मी तपासणार नाही.