आईच्या खिडकीवरचा ध्वज

प्रति,
मा. विभाग अधिकारी,
नागरी सुविधा कार्यालय.

विषय : आईच्या खिडकीवरील राष्ट्रध्वज धुण्यासाठी उतरवण्यास लेखी परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : आमच्या जिन्यात लागलेली निनावी सूचना, "कोणाचा झेंडा उतरतो यावर लक्ष आहे."

महोदय,

सविनय कळवतो की, मी तिसऱ्या मजल्यावर राहणारा घड्याळ दुरुस्ती कारागीर असून देशाबद्दल माझ्या मनात काहीही वाईट नाही. हल्ली हे आधीच लिहिलेले बरे.

१. राष्ट्रीय दिनी इमारतीत सर्वांनी ध्वज लावले. शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांचा ध्वज माझ्या ध्वजापेक्षा मोठा निघाल्याने मी चादरीएवढा आणला. तो फक्त आईच्या खोलीच्या खिडकीवर मावला. दिवस सरला, परंतु ध्वज कोणीच उतरवले नाहीत. एकट्या तळमजल्यावरच्या न्हाव्याने उतरवला, तर त्याच्याकडे माझ्यासकट कोणीही दाढीला जात नाही.

२. ध्वज आता मळला असून कड उसवली आहे. ठेवावा तर अवमान, उतरवावा तर संशय. धोब्याने हात जोडले, "रंग गेला तर मी कुठे तोंड दाखवू?" जिन्यातल्या सूचनेचे अक्षर मी धंद्याच्या भिंगातून तपासले. ते पोस्टमास्तरांचे वाटते. पोस्टमास्तर सर्वांना सांगतात की ते माझे आहे.

३. पोस्टमास्तर काल चालू घड्याळ दुरुस्तीला घेऊन आले आणि हळूच म्हणाले, "तुम्ही उतरवा, मागोमाग मी उतरवतो." ते खरेच कंटाळले आहेत की मला चाचपत आहेत, हे कळेना. म्हणून मी मोठ्याने "देश चिरायु होवो" म्हणालो. तेही म्हणाले. दुकानातली गिऱ्हाइके उठून उभी राहिली.

४. आपल्या कार्यालयावरील ध्वजही विटलेला दिसला. त्याबाबत तक्रार नाही. मीही पाहत असतो, एवढेच नोंदवतो.

५. आई अंथरुणाला खिळली आहे. डॉक्टरांनी तिला ऊन-वारा सांगितला आहे, आणि खोलीत भरदिवसा दिवा लावावा लागतो. ती रोज विचारते, "आभाळ आलंय का रे?" मी हो म्हणत आलो.

सबब, ध्वज उतरवताना आपला कर्मचारी हजर ठेवावा आणि तो वाळेपर्यंत खिडकीवर "धुण्यास गेला आहे" असा शिक्क्याचा कागद लावू द्यावा.

आईला आज खरे सांगावे लागले. ती म्हणाली, "देश देश करता, तो मला याच खिडकीतून दिसायचा रे. शाळेत जाणारी पोरं, भाजीवाली, ते झाड. बाजूला कर ते." आमच्या भिंती पातळ आहेत. त्याच क्षणी पोस्टमास्तरांचा रेडिओ बंद झाला.

परवानगी नाकारायची असल्यास नाकारावी, परंतु आईचे वरील वाक्य माझ्या नावावर लिहावे. आईला चौकशीसाठी जिना उतरता येणार नाही.

आपल्या उत्तराकडे व जिन्याकडे कान लावून बसलेला,
(सही)
तिसऱ्या मजल्यावरचा घड्याळजी
दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे

सोबत :
१. डॉक्टरांची चिठ्ठी.
२. ध्वजासमोर ताठ उभा असलेला माझा फोटो. आई ध्वजामागे आहे, दिसत नाही.