मोबाइल चालू ठेव

३ ऑक्टोबर, शुक्रवार
स्नेहल जर्मनीला सुखरूप पोचली. बस्तीत, आपल्या जैन मंदिरात, श्रीफळ ठेवून आले. इथल्या कॉलेजनं तिला सहामाहीसाठी तिकडच्या विद्यापीठात पाठवलंय, परीक्षा जानेवारीत. पास झाली तरच वर्ष धरणार. खोली लहान आहे, पण उजेडाची. दिवस बुडल्यावर जेवणार नाही, असा नियम घेऊनच गेलीय पोरगी. नवी वही कशाला, हिशोबाच्या वहीतच मागून लिहितेय.

६ जानेवारी, मंगळवार
मला करमेना. म्हटलं, अभ्यास करताना मोबाइल चालू ठेव, बोलू नको. आता रोज रात्री, तिकडं दुपार असते तेव्हा, ती मोबाइल खुर्चीमागच्या फळीवर ठेवते, मला तिची पाठ दिसते. आवाज बंद. डोक्यावर मी विणलेली हिरवी टोपी. हीटर लावत नाही म्हणे, गुणाची आहे. मी समोर तांदूळ निवडत बसते. हे म्हणाले, पोरीला शिकायला पाठवलीयास का पहाऱ्यात ठेवलीयास?

९ जानेवारी, शुक्रवार
तिकडं दिवस लवकर बुडतो. खिडकी काळी झाली आणि ही खायला लागली. पाठमोरी, पण जबडा हलताना दिसतो. सावकाश. समोर ताट नाही, डबा नाही. हाका मारल्या. ऐकू कशा जाणार? नियम मोडला पोरीनं. मला झोप येईना.

१० जानेवारी, शनिवार
दुपारी तिचा फोन आला. रागावले. ती हसायलाच लागली. म्हणाली, खोलीत गारठा हाय गं मम्मी, आठवडाभर मी लायब्ररीतच बसतीया, टोपी घालून. तुला करमावं म्हणून मोबाइल तसाच ठेवून जाते. रिकामी खुर्ची बघत बसलीस व्हय?
वहीची पानं तेवढी कुरतडलेली सापडतात, म्हणाली. उंदीर असंल.
मग ती हिरव्या टोपीतली पाठ कुणाची? त्या खोलीत राहू नको, मोबाइल बरोबर ने, असं बजावलं. पेपर मंगळवारी, आता कुठं जाऊ, म्हणते. हे म्हणाले, तुला झोप न्हाय, काय बी दिसतंय.

११ जानेवारी, रविवार
कॉल आला नाही. बरं झालं. दिवसभर णमोकार मंत्राचा जप.

१२ जानेवारी, सोमवार
कॉल आलाय. खोलीतूनच. मोबाइल न्यायला विसरली, की कुणी लावला —
हे शिरोलीला, रात्रपाळीवर. नंतर खोटं वाटायला नको म्हणून बघत बघत लिहितेय.
खुर्चीत बसलंय. टोपी आहे. पानं फाडून तोंडात —
दार उघडलं. स्नेहल. टोपीवरचा बर्फ झटकतेय. बाळ, आत येऊ नको. आवाज बंद —
फळीकडं बघून हात हलवला. हसली. खुर्चीकडं बघूनसुद्धा काही नाही, तिला दिसतच नाही —
ते वळलं. माझ्याकडं. तोंड स्नेहलचंच —
तिनं खुर्ची ओढली. बसू नको. बसू —
बसली.
आता पाठ एकच आहे. खिडकी काळी झाली. पोरगी नियमाची आहे, ती खाणार नाही, ती —
जबडा