दोघींचं औषध

१४ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

सोबत पार्सल पाठवते आहे. त्यात डी व्हिटॅमिनच्या कॅप्सूलच्या दोन डब्या आहेत. रोज एक घ्यायची, ती जेवणानंतर. उपाशीपोटी घेतली तर अंगी लागत नाही म्हणतात. आमच्या हॉटेलच्या लाँड्रीत सगळ्याजणी घेतात. तळघरात चादरींच्या ढिगाऱ्यात दिवस जातो आमचा, ऊन कसलं दिसतंय. मी मुद्दाम मोठ्या ताकदीच्या घेतल्या. तू तर जन्मभर टेलिफोन एक्सचेंजच्या त्या बिनखिडकीच्या खोलीत बसलीस, तुला बारक्या गोळ्यांनी काय होणार?

वहिनींनी डॉक्टरांकडून कसल्या पावडरीच्या पुड्या आणल्यात असं तू लिहिलंस. त्या बाजूला ठेव. रागावू नकोस, पण लांबून काळजी करायला काय जातं, हे त्या सगळ्यांसमोर बोलल्या ते मी विसरलेले नाही. आमचा अबोला आहे तो आहे. आता दर दोन महिन्यांनी पार्सल येत राहील, म्हणजे लांबूनही काळजी करता येते हे त्यांना दिसेल.

फोन तू कानाला लावणार नाहीस, म्हणून पत्राची वाट बघते. लोभ आहेच, तो पार्सलात मावत नाही एवढंच.

तुझी,
भिंगरी


९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पार्सल पोचलं. फोनचं म्हणशील, तर हेडफोन लावून लावून डावा कान गेला माझा, उजवा तरी राहू दे. लोकांच्या लाइनी जोडण्यात अख्खी नोकरी सरली. आता कागद बरा, तो कानात खरखरत नाही.

तुझ्या कॅप्सूल सुरू केल्या आहेत. दिसायला मधाच्या थेंबासारख्या आहेत. पाय फारच ठणकले तर संध्याकाळी आणखी एक घेते. व्हिटॅमिनच तर आहे, जास्त झालं तर कुठे वाया जाणार आहे? तू दटावशील म्हणून आधीच सांगून टाकलं.

सूनबाईचं बोलणं मनावर घेऊ नकोस. तिच्या पार्लरमध्ये दिवसभर कात्री चालते, तिच्या जोडीनं जीभही चालते. पण पार्लरवरच्या माझ्या दोन खोल्यांत ती दिवसातून किती वेळा चढून येते, ते मी बघते ना. तू तिची तक्रार मला लिहितेस, ती तुझी तक्रार मला सांगते. मी इकडचं तिकडे करत नाही. ऑपरेटरनं मध्ये बोलायचं नसतं. तुझ्याही मनासारखं होईल, तिच्याही मनासारखं होईल. तुम्ही दोघींनी निर्धास्त असावं.

बाकी क्षेम. माया आहे तशीच ठेव.

आई


२१ जुलै

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्राला उशीर झाला. हात जड झालाय. तहान फार लागते, पाण्याचा जग भरून ठेवते आणि तो कधी संपला ते कळत नाही. अन्नावर वासना नाही. पोट साफ होत नाही. कॅप्सूल संपत आल्या आहेत, पाठव.

काल जिना उतरून खाली गेले. पार्लरच्या दारात उभी होते आणि पार्लर कुठे आहे ते शोधत होते. सूनबाईनं हात धरून आत नेलं, खुर्चीत बसवलं. आरशात एक म्हातारी बसलेली दिसली. मी तिला जागा द्यायला उठले. हसू नकोस. मला भीती वाटते गं.

तुझे बाबा मला न्यायला यायचे आहेत. एक्सचेंजमधली माझी पाळी कधीच संपली, अजून कसे आले नाहीत कोण जाणे. कॅप्सूल संपत आल्या आहेत, पाठव.

आई


१६ ऑगस्ट

वन्सं,
स. न. वि. वि.

अबोला मी मोडते आहे. माझ्या जिवावर आलंय, पण वेळच तशी आली आहे.

मामंजींना जाऊन वर्षं झाली, आणि सासूबाई रोज संध्याकाळी चपला घालून त्यांची वाट बघत बसतात. दूध गॅसवर ठेवून विसरतात, परवा भांडं जळून कोळसा झालं. दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांनी मान हलवली आणि वयाचं आहे म्हणाले. मी सकाळपासून पार्लरमध्ये उभी, तुमचे दादा क्रेनवर कामाला, सासूबाईंना एकटं कसं ठेवायचं? शेवटी वृद्धांचं एक केंद्र बघून आलो. सासूबाईंनाही नेलं होतं. स्वच्छ आहे. प्रत्येक दारावर नावाची पाटी आहे. खिडकीतून समोरची भिंत दिसते. खोली आवडली का विचारलं, तर आवडली म्हणाल्या. एक तारखेपासून मिळते आहे, सही तेवढी करायची आहे. तुमचे दादा रात्री वर जाऊन आईच्या खुर्चीत नुसते बसतात.

माझ्या हातून काही कमी झालं असं कुणी म्हणू नये. डॉक्टरांनी दिलेली डी व्हिटॅमिनची पावडर, साठ हजार युनिटची, दर रविवारी दुधात घालून मी समोर उभी राहून पाजते. आठच आठवडे द्यायला सांगितली होती, पण पायांना गुण आला म्हणून मी चालूच ठेवली. कॅल्शियमची गोळी रोज देते. एवढं करून हे वाट्याला आलं.

तुम्हाला ओळखतात तोवर एकदा येऊन जा. जे बोलले होते ते बोलले, पण याच.

तुमची,
वहिनी


२० ऑगस्ट

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र इस्त्रीच्या टेबलाशी उभ्यानं वाचलं. पावडरीच्या ओळीपाशी आले आणि इस्त्री बंद केली. दादाला फोन करून सगळं सांगितलं, त्यावर तो नुसता बरं म्हणाला. पण त्याच रात्री दोन्ही औषधं पिशवीत घालून आईला इस्पितळात घेऊन गेला, असं कळलं. दादाच्या बरंमध्ये एवढं असतं हे मला माहीत नव्हतं. उद्याच्या गाडीनं निघते आहे. तोंडानं बोलवणार नाही ते आधी लिहून ठेवते, हे पत्र मीच तुमच्या हातात देईन.

आई माझ्याही कॅप्सूल घेत होती. एकेक दहा हजार युनिटची. रोज एक, आणि पाय ठणकले की दोन. डबीवरचा आकडा मोठा दिसला म्हणून मी खूश झाले होते, एवढा लागतो का, हे कुणालाही विचारलं नाही. काल इथल्या औषधाच्या दुकानातल्या बाईंना विचारलं, तर त्यांचा चेहराच उतरला. हे व्हिटॅमिन जास्तीचं झालं तर लघवीवाटे निघून जात नाही म्हणे, अंगातल्या चरबीत साठत जातं. मग रक्तातलं कॅल्शियम वाढतं, तहान लागते, पोट बिघडतं, आणि माणूस भ्रमल्यासारखं करतं. त्यात कॅल्शियमच्या गोळ्यांची भर. त्या हे सांगत होत्या आणि मला आईचं जुलैचं पत्र पाठ म्हटल्यासारखं ऐकू येत होतं.

तुमची पावडर घेऊ नको असं मी तिला लिहिलं होतं. माझ्या कॅप्सूलबद्दल तुम्हीही तेच सांगितलं असणार. तिनं मला हो म्हटलं आणि तुम्हालाही हो म्हटलं. आई आपली भांडणं पोटात घालते असं आपण म्हणायचो. वहिनी, तिनं ती खरोखरच पोटात घातली.

रक्ताची तपासणी येईपर्यंत त्या केंद्राच्या कागदावर सही करू नका. तुमच्या पाया पडते.

भिंगरी


७ सप्टेंबर

वन्सं,
स. न. वि. वि.

तुम्ही परत गेलात आणि इस्पितळात आपण बसायचो तो बाक मोठा वाटायला लागला. हे कुणी दिलं असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा आपण दोघी एकदमच मी म्हणालो. एरवी आपलं कधी एकमत झालंय?

कॅल्शियम उतरतंय. सलाइन अजून चालू आहे. डी व्हिटॅमिन, कॅल्शियम, सगळं बंद केलं. पण साठलेलं अंगातून जायला महिने लागतील आणि मूत्रपिंडांना इजा झाली आहे, ती पूर्ण भरून येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. मी पुन्हा पुन्हा विचारलं. ते पुन्हा पुन्हा तेच म्हणाले. सासूबाईंना सुरुवातीला त्या पावडरीची गरज होतीच, हेही म्हणाले. आठवड्याची पुडी आठवड्यालाच आणि सांगितली तितकेच आठवडे घ्यायची, मग रक्त तपासायचं, आणि घरात आणखी काय चालू आहे ते आधी सांगायचं. एवढंच होतं. मी खाली मान घालून ऐकलं.

आज त्यांना नीट शुद्ध आली. माझा हात धरून विचारलं की हे गेलेत ना गं. मी हो म्हणाले. मग कालच गेल्यासारख्या रडल्या. मला आधी आनंद झाला की डोकं ठिकाणावर आलं, आणि मग त्या आनंदाची लाज वाटली.

केंद्राच्या बाईंना खोली नको म्हणून कळवलं आहे. लांबून काळजी करायला काय जातं, असं मी पुन्हा म्हणणार नाही. जवळून करून तरी मी काय केलं? पत्र लिहीत जा, थेट मला.

वहिनी


३० नोव्हेंबर

चि. भिंगरीस आणि चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

दोघींना मिळून हे एकच पत्र आहे. सूनबाईनं वाचून भिंगरीकडे पाठवावं. टपालाचा तुम्हाला सराव झाला आहेच.

आता मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून ऊन घेते. दर महिन्याला रक्त काढतात. डी व्हिटॅमिन पुन्हा लागलंच तर किती घ्यायचं ते डॉक्टर सांगतील, तुम्ही कुणी नाही आणि मीही नाही. पाय दुखतात. दुखू देत. मूत्रपिंडं पहिल्यासारखी व्हायची नाहीत, हे मला माहीत आहे. दाराआड कुजबुजत जाऊ नका, एक कान अजून चांगला आहे.

तुम्ही दोघी स्वतःला बोल लावता. लावा थोडा, नाही म्हणत नाही. पण त्या कॅप्सूल आणि ते दूध गिळणारी मी होते. एक्सचेंजमध्ये नाही म्हणायची रीत नव्हती. लाइन बिझी आहे, थांबा, एवढंच म्हणायचं. तीच सवय घरी आणली. आता या वयात नाही म्हणायला शिकते आहे, तेव्हा ऐका. भिंगरी, तू विणलेला स्वेटर टोचतो. सूनबाई, तू माझे केस फार बारीक कापतेस, मानेला गार लागतं.

आणि ती खोली. भिंत दिसणारी. तेव्हा मला तारीख-वार कळत नव्हता, पण ती खोली मला लख्ख आठवते. तू आवडली का विचारलंस आणि मी आवडली म्हणाले. सूनबाई, मला ती आवडली नव्हती. तुम्ही सही केली असतीत तर मी चपला घालून मुकाट्यानं गेले असते, आणि तिथंही सगळं छान आहे म्हणून पत्रं लिहिली असती.

म्हणून सांगते, यापुढे माझं काय करायचं ते आधी मला विचारा, मग एकमेकींना. मधली बाई रिटायर झाली.

लोभ असावा, पण मापात, आणि दोघींचा मिळून एकच.

आई