उलट्या अंगाने झिजलेला कोयता

रिनाच्या बाबांना,

भाकरी टोपलीत आहे, कालवण चुलीवर. मी फडात गेले.

काल मुकादमासमोर माझा कोयता उंच धरून तुम्ही म्हणालात, "हाऊ कोयता मन्हा शे. बठ्ठा ऊस मीच तोडा, ही नुसत्या मोळ्या बांधस." तो कोयता तुमचा आणि सगळा ऊस तुम्हीच तोडलात, हे मला पटलं असं समजू नका.

दिवाळीला आपण दोन कोयते घेतले, दोन्हींवर सारखाच काळा लेप होता. बुडाशी ऊस तोडताना कोयत्याचं जे अंग मातीला घासतं, तिथलाच लेप उडतो. उजव्या हाताने तोडणाऱ्याचं एक अंग उघडं पडतं, डावखुऱ्याचं दुसरं, जसं काल तुम्ही उंच धरलेल्या कोयत्याचं. आपल्या अख्ख्या टोळीत डावखुरी मी एकटी. तो कोयता कुणी चालवला, हे शेंबडं पोरही सांगेल.

आज कारखान्यावर सगळ्यात जास्त ऊस तोडल्याबद्दल तुमचा सत्कार आहे म्हणे. शाल खुशाल घ्या. माझा कोयता मात्र मी सोबत नेला आहे. फोटोत धरायला तुमचा उशाशी ठेवलाय. जाण्याआधी त्यावरचं दुकानाचं लेबल तेवढं काढा.

रुखमा